गोदामातला सिनेमा, दुपट्ट्याखालचे हात

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी न्हाणीत पडले होते, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. आंघोळ आटपत आली होती, शेवटचा तांब्या अंगावर घेतला आणि पाय सरकला. डाव्या अंगावर पडले. मनगट खाली आलं, कपाळ निळ्या ड्रमच्या काठावर आपटलं, आणि मग बराच वेळ मी त्या ओल्या फरशीवर तशीच होते. अंगावरचा परकर गार होत गेला. नळ ठिबकत होता. हायवेवरून ट्रक जात होते, रोजच्यासारखे. मी हाक मारली नाही. आवाज होता, मारता आली असती, पण तोंड उघडायचीच भीती वाटली. हाक ऐकून शेजारीण आली असती, तिनं गल्ली गोळा केली असती, आणि दुपारच्या आत नागपूरला माझ्या मुलाला फोन गेला असता. फोन गेला की घर गेलं. इतकं ते सरळ होतं.

मुलगा वाईट नाही, हे इथंच लिहून ठेवते. त्याचे वडील गेल्यापासून तो एकच बोलत आला, "आई, तुले एकटीले ठेवून माहा जीव लागत नाई तिकडं. घर काढू. तू चाल आमच्यासंगं." मी दर वेळी म्हणायची, "पाहू." त्याच्या फ्लॅटवर मी राहून आलेली आहे. सून चांगली आहे, गरम पोळी ताटात टाकते, दोनदा विचारते. पण तिथं वरच्या मजल्यावर खिडक्या लावल्या की काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि मला झोप लागत नाही. इथं कारंजा गावात लग्न होऊन आले तेव्हापासून ट्रकच्या भोंग्यांत झोपते आहे. पुढं आमचं अडतीचं दुकान, आता बंद. मागं दोन खोल्या, अंगण, आणि अंगणाच्या पलीकडं टिनाचं गोदाम. कधीकाळी त्यात तूर-सोयाबीनची पोती छतापर्यंत असायची. आता त्यात उंदीरसुद्धा थांबत नाहीत. एवढंच माझं राज्य. पण माझं.

तर ड्रमला धरून कशीबशी उठले. मनगटावर हळद लावली, वरून पूर्ण बाह्यांचं स्वेटर चढवलं, कपाळावरच्या टेंगळावर पदर ओढला. शेजारणीनं विचारलं, "काकू, हाताले काय झालं वं?" मी सांगितलं, "बादली उचलली उलट्या हातानं." तिनं मान्य केलं. पण त्या दिवसापासून माझी पायांवरची खात्री गेली ती गेलीच. घरातल्या घरात मी भिंतीला हात लावून चालायला लागले. न्हाणीत पाऊल टाकण्याआधी दारात उभी राहायची. स्वतःच्या घराची इतकी धास्ती कुणाला वाटू नये.

असे दिवस चालले असताना माझ्या लेकीची लेक आली. पुण्यात सिनेमाचं काहीतरी शिकते. पाठीवर भलीमोठी बॅग, सोबत आवाज टिपणारी एक मैत्रीण. पाया पडली आणि चहाच्या आधीच म्हणाली, "आजी, मला तुझं घर हवंय."

"तुलेबी?"

"अगं, शूटिंगला!" ती हसून हसून लोळली. मला हसायला जरा वेळ लागला.

तिनं मला तिचा सिनेमा समजावला. छोटाच होता. एक म्हातारी बाई एकटी राहते. तिच्या मुलानं गाडी पाठवली आहे. बाई पिशवी घेऊन उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथं सिनेमा थांबतो. एकदम थांबतो, चित्र गोठल्यासारखं. मग बघणाऱ्यांना विचारायचं, बाईनं राहावं की जावं? ते सांगतील त्याप्रमाणं पुढचा भाग लावायचा. दोन्ही भाग तयार असणार, दिसणार एकच.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"तो नाही दिसणार. तीच तर गंमत आहे आजी. त्यांनी जे निवडलं ते त्यांना पाहावं लागेल."

मला त्यात गंमत वाटली नाही, पण पोरगी इतकी रंगून सांगत होती. फोनवर बटण दाबून लोकांनी मत द्यावं असा तिचा बेत होता. आमच्या गोदामात ती ते करून पाहायला गेली तर टिनाखाली फोनला रेंजची एक काडी येईना. तेव्हा बसल्या बसल्या मी तिला दुपट्ट्याची गोष्ट सांगितली. माझीच बुद्धी. आमच्या सासऱ्यांच्या वेळी मालाचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं धरून, दाबून आकडा सांगायचा. बाहेर दहा माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. बैलांच्या बाजारातही तसंच. ज्याच्या हातात हात, त्यालाच माहीत. आणि आत सांगितलेलं बाहेर बदलायचं नाही. त्यात ज्यानं लबाडी केली त्याच्याकडं पुन्हा कुणी पोतं आणत नसे.

"असंच मत घेऊ!" म्हणत नातीनं माझे दोन्ही हात धरले. डाव्या हाताला मी ओय् केलं. तिनं बाही वर केली आणि तिथंच सगळं बाहेर आलं.

शपथ घातली तिला. आईला सांगू नको, मामाला तर नकोच. तिनं मान डोलावली, पण तिचे डोळे मी पाहत होते. त्यांत पाणी होतं आणि पाण्यामागं दुसरंच काहीतरी चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच म्हणाली, "आजी, बाई राहिली तर पुढं काय होतं, ते मला सापडत नव्हतं. आता सापडलं. पण तू हो म्हणालीस तरच."

मी हो म्हणाले. का म्हणाले, ते आजही नीट सांगता येणार नाही. एक तर सिनेमा पुण्यात दाखवणार, तिकडं मला कोण ओळखतं, असं वाटलं. दुसरं म्हणजे इतके दिवस ते ओझं एकटीनं वाहून मी थकले होते.

म्हातारी मीच झाले. पहिला भाग सोपा होता. चूल, माफ करा, गॅस पेटवायचा, भाजी निवडायची, फोन वाजला की बघत राहायचं, उचलायचा नाही. ते तर मी रोजच करत होते. मग जायचा भाग. पिशवी भरायची, दाराला कुलूप घालायचं, गाडीत बसायचं. त्यात नुसती कुलपाला किल्ली लावायची होती, पण माझ्याच्यानं किल्ली भोकात जाईना. "छान, आजी, छान!" नात मागून बोलत होती. तिला वाटलं मी मुद्दाम करते आहे.

न्हाणीतलं शूटिंग शेवटी ठेवलं होतं. खाली गोधडी, वरून ओली चादर, मला काही लागू नये म्हणून सगळी काळजी घेतली होती पोरींनी. मी आधी बसले, मग आडवी झाले. पडायचं नव्हतंच, पडून राहायचं होतं. नातीनं सांगितलं, "फक्त नळाकडं बघ." मी नळाकडं पाहिलं. तो ठिबकला. आणि तो गारठा पाठीतून वर आला, खोटा नाही, तोच. मला वाटलं, या दोघी इथं नाहीतच. मी एकटी आहे आणि बाहेर ट्रक चालले आहेत. नात "कट" म्हणाली, पुन्हा म्हणाली. मला उठताच येईना. तिनं कॅमेरा टाकला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायला लागली. "नको आजी, नको ठेवायला हे." मीच म्हटलं, "एवढा जीव काढला अन् आता नोको म्हणतं? राहू दे."

आता खरी भीती सुरू होते ती इथून.

पुण्याला परत जाण्याच्या दोन दिवस आधी नात म्हणाली, हा सिनेमा आधी इथंच दाखवायचा, गोदामात, गल्लीतल्या लोकांना. आणि दुपट्टा घेऊन लोकांतून मीच फिरायचं. सिनेमातली बाई स्वतः येऊन विचारते, मी राहू की जाऊ, असं ते होणार. "आणि मामालाही बोलावलंय मी. तो येतोय."

माझ्या हातातलं कुकरचं झाकण खाली पडलं.

"अवं, तुले समजते काय तू काय केलं?" मी तिला पहिल्यांदाच असं बोलले असेन. "लोकाईनं राह्य म्हटलं, तं तो मले न्हाणीत पडलेली पाहीन. जाय म्हटलं, तं गावानंच मले जाय म्हटलं. मंग तो थांबीन काय?"

ती पांढरी पडली. तिनं तिच्या सिनेमाचा विचार केला होता, माझ्या घराचा नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, दुपट्ट्याखाली काय झालं ते फक्त तुलाच माहीत असणार. तू जे सांगशील तो भाग मी लावीन. कुणाला कळणार आहे?"

खरंच होतं. कुणालाच कळणार नव्हतं. 'जा' निघालं म्हणावं आणि पडणं झाकावं, असं क्षणभर मनात आलं. पण मग घर? आणि दुपट्ट्याखालचं बदलून सांगायचं, ते याच गोदामात? सासरे आणि माझे मालक, म्हणजे मुलाचे वडील, दोघांची सगळी उमर त्या एका गोष्टीवर गेली. रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर लोक आले. सतरंज्या घातल्या होत्या, म्हाताऱ्यांना खुर्च्या. भिंतीला पांढरी चादर. बायका नट्टापट्टा करून आल्या होत्या, जणू माझं दुसरं लग्न. मुलगा वेळेवर आला, बूट बाहेर काढले, माझ्या पाया पडला आणि अगदी मागं शटरजवळ जाऊन बसला. त्याच्या शेजारी आमचे जुने दलाल. मालकांचे जोडीदार, आता डोळ्यांना कमी दिसतं, पण गावात कुठं काही असलं की सगळ्यांत आधी हजर. मला वयनी म्हणतात, मी त्यांना भाऊजी.

शटर खाली ओढलं. भर दुपारी असा अंधार झाला की एक लेकरू रडायलाच लागलं. टिनाच्या भोकांतून उन्हाचे दोन-चार ठिपके तेवढे सतरंजीवर. धान्याची जुनी धूळ नाकात गेली. चादरीवर मी उगवले, ही मोठी.

"अवं माय, काकू!" शेजारीण ओरडली. "अन् हे तं माहं पातेलं हाय! कवाचं शोधून राह्यली मी!"

सगळे हसले. मीही. पण माझं लक्ष मागं, शटरकडं होतं.

सिनेमा उंबऱ्यावर येऊन थांबला. पिशवी हातात धरलेली मी, तोंड अर्धं उन्हात. नातीनं लोकांना समजावलं. आजी तुमच्याजवळ येईल, दुपट्ट्याखाली हात द्या. बाईनं राहावं वाटत असेल तर तिचं एक बोट धरा. जावं वाटत असेल तर तिच्या तळव्यावर मूठ ठेवा. बोलायचं नाही.

बोलायचं नाही म्हटल्यावर तर सगळेच बोलायला लागले.

"पण सून कशी हाय ते तं दाखोलंच नाई. कसं सांगाव?"

"गाडीत एसी हाय काय? असन तं जाय म्हणा."

"आधी तिले म्हणा जेवून घे, मंग ठरव."

मी मालकांचा दुपट्टा घेऊन पहिल्या रांगेपाशी गेले. आपल्या माणसांच्या हातात हात देताना इतकी भीती कधी वाटली नव्हती. अंधारात तोंड दिसत नाही, नुसता हात येतो. भाकरी थापून खरखरीत झालेला, मेंदीचा वास असलेला, बांगड्यांचा. आणि प्रत्येक हात काहीतरी ठरवून आलेला. एकानं बोट धरलं, जीव भांड्यात पडला. पुढच्या दोघींनी मुठी ठेवल्या. एक मूठ इतकी हळू ठेवली होती, जणू माफी मागत होती. मग शेजारीण. बरीच वर्षं माझ्या हातची भाजी हिच्याकडं आणि हिच्या हातची माझ्याकडं. तिचा हात मी ओळखला. तिनं मूठ ठेवली.

मी तिथंच थबकले. ती कानात म्हणाली, "काकू, सिनेमातल्या बाईले हो. तुमाले नाई."

पण मला कळलं. आणि तिला कळलं की मला कळलं. आमच्याकडं असंच आहे. घरातला मोठा प्रश्न असला की नात्यातली चार माणसं बोलवायची, बैठक घालायची आणि जे ठरेल ते मानायचं. या लोकांनी सिनेमा पाहिलाच नव्हता. ते बैठकीला बसले होते, आणि ठराव माझ्यावर होता.

मनात मी मोजत होते, मुठी आणि बोटं. मुठी पुढं चालल्या होत्या.

अशी मागच्या रांगेत आले. दलाल भाऊजींनी दुपट्टा माझ्या हातून घेतला, झटकून नीट पसरला, हातांवर ओढला. जुनी सवय. आणि आत त्यांचा वाळका हात माझ्या बोटांवरून फिरायला लागला. एक बोट धरलं नाही. मूठही नाही. दोन बोटं दाबली, मग तीन, मग तळव्यावर अंगठा रगडला. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला नियम समजला नाही. मग एकदम ओळखलं. रात्री घरी हिशेब सांगताना मालकांनी बोटांची ही भाषा माझ्याच हातावर शिकवली होती. ते राहा-जा सांगतच नव्हते. भाव सांगत होते.

ते माझ्याकडं झुकले. "वयनी, गिऱ्हाईक याच्या वर जात नाई. बाबूले म्या मागच्या बाजाराले सांगतलं होतं. तुमी म्हनसान तं आजच पक्कं करू."

माझ्या मुलाला आम्ही बाबू म्हणतो.

आतापर्यंत मोजलेलं सगळं डोक्यातून गेलं, एकही मूठ आठवेना. मी पडल्याचं लपवत बसले होते, आणि इकडं माझ्या घराचं बोलणं दुपट्ट्याखाली कधीचंच चालू होतं. भाऊजींचा दोष नाही. त्यांना वाटलं, मीच दुपट्टा घेऊन आले म्हणजे मीच विचारते आहे. दुपट्टा टाकून भावाशिवाय दुसरं काही विचारतात, हे त्यांना उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुलगा राहिला होता. भाऊजींचं कुजबुजणं त्याला ऐकू गेलं होतं की नाही कोण जाणे. मी दुपट्टा पुढं केला. त्याचा हात आला, घामानं भिजलेला. लहानपणी परीक्षेच्या दिवशी असाच व्हायचा. ना बोट, ना मूठ. नुसता माझ्या हातात पडून राहिला. मी वाट पाहिली. मग त्यानं मूठ केली आणि इतक्या जोरानं दाबली की मनगटातून कळ निघाली. मी ओरडले नाही. हात काढून घेतला.

अंधारातून पुढं आले तेव्हा भिंतीवरची मी तशीच उभी होते, पिशवी धरून.

"आजी," नात म्हणाली. "काय निघालं?"

'जा' म्हटलं असतं तर झाकलं गेलं असतं. पडणंही आणि भाऊजींचा भावही. सगळे चिवडा खाऊन घरी गेले असते. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं,

"मी गिनती विसरली. पण मुठीच जास्त होत्या, ते खरं. तुमी जाय म्हटलं. पण पोरी, तू राह्याचा भाग लाव."

गलका झाला. "मंग आमाले इचारलं काऊन?" "हे तं इलेक्शनसारखंच झालं!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नात माझ्याकडं बघत राहिली. मी मान हलवली. तिनं लावला.

न्हाणी आली. नळ आला. निळा ड्रम. गलका हळूहळू थांबला. मी खाली बसून घेतलं, चादरीकडं पाठ करून. मला ते पाहायचं नव्हतं. मी लोकांची तोंडं पाहत होते, चादरीच्या उजेडात दिसत होती तेवढी. शेजारणीनं पदर तोंडाला लावला. तिला ते स्वेटर आठवलं असावं. ठिबकण्याचा आवाज टिनाखाली इतका मोठा वाटत होता. सिनेमातली बाई काही हाक मारेना, आणि एक लेकरू आईला विचारत होतं, "आजी उठत काऊन नाई?"

मागून खुर्ची सरकली. मुलगा उभा राहिला होता.

"आई," तो अंधारातूनच म्हणाला. "हे अ‍ॅक्टिंग हाय ना?"

सगळं गोदाम माझ्याकडं वळलं. 'हो' म्हणायला काय लागलं असतं? एक अक्षर. त्याला तेच ऐकायचं होतं, त्याच्या आवाजात होतं ते.

"नाई," मी म्हटलं. "दिवाळीनंतर पडलती."

त्यानं शटर वर ढकललं. ऊन असं आत आलं की चादरीवरची मी पुसून गेले. तो अंगणात गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला. लोक एकेक करून उठले. भाऊजींना तर काय झालं तेच समजलं नव्हतं. ते जाताना म्हणाले, "वयनी, मंग जवाब?" शेजारीण त्यांना दंडाला धरून घेऊन गेली.

नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघं बसलो. नातीला मी बाहेर पाठवलं. मुलगा केसांतलं पाणी रुमालानं टिपत राहिला. मग म्हणाला, "मले सांगतलं काऊन नाई?"

"तू नेलं असतं."

"नेलं असतं तं काय मारलं असतं?"

"अन् तू घराचा भाव काढला, ते मले सांगतलं काऊन नाई?"

तो खाली बघायला लागला. "तू काढू देला असता काय मले? नुसता काढून ठेवला होता. सौदा नाई केला." मग एकदम त्याचा बांध फुटला. फोनवर कारंज्याचा नंबर दिसला की त्याच्या हाताला घाम सुटतो म्हणाला. बिलाचा असो, लग्नपत्रिकेचा असो, आधी त्याला वाटतं, गेली. ऑफिसात माणसं बघतात. तो दोन-दोन वेळा कॉल कापतो आणि मग स्वतः लावतो, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नसतं. "तू तिथी पडून होती तवा मी जेवत असन, आई. बोल. मी काय करत होतो त्या टायमाले?"

मी माझ्या भीतीत इतकी बुडाले होते, की ही त्याची भीती, ती इतकी वर्षं फोनच्या दुसऱ्या टोकाला बसून आहे, हे मला दिसलंच नव्हतं. मी त्याच्या ताटात उरलेला चिवडा वाढला. त्यानं खाल्ला.

ठरलं ते एवढंच. पुन्हा पडले तर मी जाईन, कुरकुर न करता. तोवर घर राहील, आणि भाऊजींना तोच जाऊन 'नाही' सांगेल, माझ्यासमोर, मोठ्यानं, दुपट्ट्याशिवाय. त्यानं सांगितलं. भाऊजी म्हणाले, "बाबू, पोट्ट्यासारखा बोलून राह्यला तू, असा भाव पुन्हा येत नाई." तो म्हणाला, "नोको येऊ दे."

नातीनं सिनेमा पुण्याला नेला. तिकडं लोकांनी बोटं जास्त धरली म्हणे. दुसऱ्याच्या म्हातारीला राहा म्हणायला काय जातं.

माझं सांगते. आता रोज सकाळी आंघोळीला जाताना मी त्याला फोन करते, "जातो बाबू," आणि बाहेर आले की पुन्हा, "आली." मध्ये तो काही करत नाही, सून सांगते. चहा पुढं असतो, तो बसून असतो. म्हणून मी आता भराभर आटपते. डोक्यावरून पाणी घ्यायचं सोडून दिलं, दोन तांबे कसेबसे ओतते आणि ओल्या पायांनीच फोनकडं धावते. घाईत परवा पाऊल जरासं घसरलं. भिंतीला हात पोचला म्हणून. तो फोनवर म्हणाला, "आज लवकर झालं?" मी म्हटलं, "हो, पाणी गार होतं."